सात कोयते

१० मार्च, मंगळवार. क्लासची मुलं अकराला गेली आणि मी रद्दी बांधायला बसले. मराठी पेपर एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला. रद्दीवाला इंग्रजी वेगळा मागतो, त्याचा कागद बरा असतो म्हणे. पूर्वी मी बांधण्याआधी माझ्या बातम्या कापून फाइलला लावायचे. फाइल फुगली, झुरळं झाली, तेव्हा ते बंद केलं.

पुण्यातून निघणाऱ्या एका इंग्रजी दैनिकाला मी अठरा वर्षं इकडच्या बातम्या पाठवत होते. नोकरी नाही, बातमीमागे काय ते मिळायचं. श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात तो पेपर चार घरी येतो. एक साखर कारखान्याचे साहेब, एक डॉक्टर, एक इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका आणि चौथी मी. साहेबांच्या घरी तो घडीसुद्धा न मोडता पडलेला असतो, मी पाहिलाय. पण इंग्रजीत छापून आलं म्हणजे पुण्याला कळलं, असं गावाला वाटतं. त्यामुळे मराठी पेपरात चार कॉलम आलेला माणूसही मला विचारायचा, "तुमच्यात येईल का बाई, दोन ओळी?"

दुसरा गठ्ठा बांधत होते तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. हिरवं नऊवारी, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात वायरची पिशवी. माझं नाव घेतलं आणि विचारलं, "पेपरवाल्या बाई ह्याच का?"

"हो. पेपर घालणारी नाही, लिहिणारी."

"व्हय, लिव्हनारीच पायजे."

ती जामखेडच्या पुढच्या एका गावातून पहाटे निघाली होती. तीन एस्ट्या बदलल्या होत्या. पाणी दिलं, ते घटाघट प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला एक कागद काढला. माझ्याच बातमीची झेरॉक्स होती. मागच्या वर्षी जानेवारीतली. वर कोर्टाचा शिक्का, निशाणी क्रमांक.

"ह्ये तुमी लिव्हलंय?"

"मीच."

"वाचून दावा. मराठीत. समदे सांगत्यात ह्यात आसं हाय, तसं हाय. मला लिव्हनारीकडून ऐकायचंय."

बातमी शंभर शब्दांची. मी वाचली, म्हणजे मराठीत सांगितली. ऊसतोडीच्या सात मजुरांना घेऊन जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली कालव्याच्या वळणावर उलटली. एका मजुराची बायको ठार झाली. सहा जण जखमी. चालकावर गुन्हा दाखल.

"आन् माझी लेक?"

"हीच. मजुराची बायको."

"नाव न्हाई?"

"नाही."

तिनं कागद माझ्या हातून घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. "तिनं मोळ्या बांदल्या. उसाच्या शेंड्याचं वाडं काडलं. डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं गाडीत चढायची. ती मजूर नव्हती तर काय व्हती?"

तिचं बरोबर होतं आणि मला ते ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशीही माहीत होतं.

कोयत्याचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, एक जोडी. टोळी आणणाऱ्या मुकादमाला कारखान्यावर विचारतात, "किती कोयते आणले?" वीस म्हणजे चाळीस माणसं. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला सहसा कोणी टोळीत घेत नाही. नाव लिहितात ते नवऱ्याचं. बायको त्या नावाच्या पोटात. हे इथं शाळेतल्या मुलालाही कळतं, आणि पुण्यात पेपरच्या ऑफिसात कोणालाही कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एक बातमी पाठवली होती. हंगाम अर्ध्यावर असताना एका टोळीतले वीस कोयते पळून गेले, मुकादमानं तक्रार दिली, अशी. कोयता हा शब्द तसाच ठेवला, पुढे अर्थ लिहिला. डेस्कवर कुणीतरी अर्थ कापला. पुण्यात त्या दिवसांत कोयता गँगच्या बातम्या रोज चालल्या होत्या, पोरं कोयते घेऊन दुकानं फोडत होती. दुसऱ्या दिवशी छापून आलं की साखर पट्ट्यातून वीस जणांची कोयता गँग फरार झाली आहे. सकाळी नऊला पोलीस ठाण्यातून फोन आला. साहेब हसत होते. "मॅडम, वीस जणांची गँग माझ्या हद्दीत, आणि मलाच पेपरात वाचावं लागतं? घोडेगावच्या बाजारातून म्हशी घेऊन पळाले की काय?"

मी पुण्याला फोन केला. ब्यूरोचे प्रमुख म्हणाले, "ताई, हा शब्दच नको यापुढे. आमच्या वाचकाला एकच कोयता माहीत आहे." मलाही ते सोयीचं वाटलं. त्यानंतर मी तो शब्द कधी वापरला नाही. मजूर लिहायचे, कामगार लिहायचे.

मागच्या वर्षी जानेवारीत ट्रॉली उलटली तेव्हा मी ग्रामीण रुग्णालयात गेले होते. मुकादम ओसरीत बसून रडत होता, खिशातून त्यानं टोळीची यादी काढून दिली. वहीचं पान, त्यावर एक ते सात आकडे, सात पुरुषांची नावं. आत लाकडी बाकावर ती बाई ठेवली होती. चादर अपुरी होती. साडीवर तिनं पुरुषाचा फुल शर्ट घातलेला होता, मनगटापर्यंत बटणं लावलेली, उसाची पानं कापू नयेत म्हणून तोडणाऱ्या बायका घालतात तसा. बोटांना चिंध्या बांधलेल्या. स्वयंपाकाला आलेली बाई असा शर्ट घालत नाही.

मी हे पाहिलं आणि बाहेर येऊन मोबाईलवर बातमी लिहिली. डेस्कनं दहा मिनिटं दिली होती आणि शंभर शब्द. यादीत सात होते, मी सात लिहिले. कोयते लिहायचे नव्हते म्हणून मजूर लिहिले. चौदा करायला हवे होते. माझ्या हातून ते झालं नाही. मेलेली बाई यादीत नव्हती, म्हणून ती मजुराची बायको झाली. मराठी पेपरांनी दुसऱ्या दिवशी 'सात कोयते' असंच छापलं आणि त्यांचं बरोबर होतं.

"तुमची केस काय आहे नक्की?" मी तिला विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. मुलीच्या मृत्यूच्या भरपाईचा दावा तिनं नातीच्या वतीनं लावला होता. विम्याकडचा वकील पुण्याहून येतो. त्यानं कोर्टात मुकादमाची यादी दाखवली: सात नावं. मग हा इंग्रजी पेपर दाखवला: सात मजूर. सातही जिवंत आहेत. मेली ती आठवी, म्हणजे ती कामावर नव्हती, नवऱ्याबरोबर भाकरी थापायला आली होती, तिची भरपाई लागत नाही. तिच्या वकिलानं मराठी पेपर पुढे केले, तर तो म्हणाला, कोयता म्हणजे हत्यार, ट्रॉलीत हत्यारं किती होती याच्याशी या कोर्टाला काय करायचंय.

"जज्जसाहेबांना कोयता माहीत नसेल असं नाही," मी म्हटलं.

"त्यास्नी समदं म्हाईत हाय. त्ये म्हनले, मला म्हाईत असून काय उपेग, कागद आना."

"टोळीतले बाकीचे साक्ष देतील की."

"टोळी यंदा कर्नाटकात गेलीया. सुगी सोडून कोन यील?"

"जावई?"

"त्यो बी तितंच हाय. त्याच मुकादमाकडं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यानं दुसरी केली. मी त्याला बोल लावत न्हाई, बाई. अर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय. पर आता त्यो बोलायचा न्हाई."

उद्या अकराला नगरला तारीख होती. वकिलानं तिला सांगितलं होतं, ज्या बाईनं लिहिलं तिच्याकडून लिहून आण, नाहीतर निकाल विरुद्ध जाईल.

"नात केवढी आहे?"

"तेरावं सरलं. सातवीला हाय." मग तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "येत्या रविवारी पाव्हनं यायचं हायेत तिला बघाया. दीर म्हंत्यात, उरकून टाका, पाव्हन्यांच्या पोराला बायको न्हाई, हिचं लगीन लावलं का दसऱ्याला एक कोयता हुतोय. मी म्हनलं, केसचा निकाल लागू द्या. त्येवढ्यावर थांबलेत. दावा मिळाला तर मी म्हनू शकते, पोरीच्या नावावर हाय, शिकू द्या. न्हाई मिळाला तर माझ्या हातात काय न्हाई. मला कोन ऐकतंय घरात?"

मी तिला मावशी म्हणत होते. वय विचारलं तर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान निघाली.

तिला जेवायला वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन पुण्याला फोन लावला. डेस्कवर एक मुलगी होती, नवीन असावी. "मॅम, करेक्शन सात दिवसांच्या आतच घेतो आपण. आणि नगरचं पान तर सप्टेंबरमध्येच बंद झालं ना? म्हणजे अहिल्यानगरचं." तिनं नाव बरोबर करून घेतलं. नवं नाव लिहायचा नियम आहे, पान मात्र उरलेलं नाही. मला पान बंद झाल्याचं कोणी कळवलं नव्हतं, आणि पेपर नीट उघडून बघणं मीही सोडलं होतं. मी सप्टेंबरपासून सहा बातम्या पाठवल्या होत्या आणि जागा नसेल म्हणून येत नाहीत असं समजत होते.

मग ब्यूरोचे प्रमुख लाइनवर आले.

"ताई, बोला. किती दिवसांनी."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं, तेवढं त्यांचं चांगलं आहे.

"चुका होतात हो. वर्ष उलटलं. कोणी वाचलं असेल ते तरी?"

"कोर्टानं वाचलं."

"हं." मग म्हणाले, "लेखी काही देऊ नका. तुम्ही चूक कबूल केलीत की तो वकील उद्या आमच्यावर येईल. हे लीगलचं काम आहे."

"मी माझ्या नावानं देईन."

"मग आमचं नाव त्यात येता कामा नये. तुम्ही तशाही आमच्या रोलवर नाही आहात, ताई. कधीच नव्हता. मी वाईट अर्थानं म्हणत नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्याकडे एक ओळखपत्र आहे, ते दर दोन वर्षांनी नवं करून देतात. त्यावर 'रोल' असं काही नाही. मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेर आले तर तिनं रद्दीचे उरलेले दोन गठ्ठे बांधून ठेवले होते. माझ्यापेक्षा घट्ट. मोळीला देतात तसा पीळ सुतळीला दिला होता.

"काय म्हनले?"

"छापणार नाहीत."

"मंग?"

"मग उद्या मी येते नगरला."

तिनं मान हलवली. आभार वगैरे काही मानले नाहीत आणि मलाही ते नको होते. चूक माझी होती. संध्याकाळच्या आणि उद्या सकाळच्या क्लासला सुट्टी असल्याचा मेसेज टाकला. ती क्लासच्या खोलीत सतरंजीवर झोपली.

सकाळी साडेसहाच्या एसटीनं आम्ही निघालो. राहुरीपर्यंत उभं राहावं लागलं. नऊच्या सुमारास नगरला उतरलो, कोर्टाच्या बाहेर चहा घेतला आणि टायपिंगवाल्यांच्या रांगेत पहिल्यालाच गाठलं. पन्नाशीचा माणूस, कानात कापूस. मी सांगत गेले, तो कॉम्प्युटरवर टाइप करत गेला.

"व्यवसाय काय टाकू?"

"वार्ताहर."

"कुठल्या पेपरच्या?"

"नुसतं वार्ताहर टाका."

मग मजकूर. सदर बातमी मी स्वतः लिहिली. त्यात सात मजूर असे लिहिले ते चुकीचे आहे. मूळ यादीत सात कोयते होते. ऊसतोडीच्या कामात एक कोयता म्हणजे पती व पत्नी अशी दोन माणसे, म्हणून ट्रॉलीत चौदा मजूर होते.

तो थांबला. "कोयता म्हणजे दोन माणसं? आमच्याकडे तर कोयता म्हटलं की पोलीसच येतात."

"तुम्ही कुठले?"

"इथलाच. नगर शहर."

"मग टाइप करा."

पुढे लिहिलं की मी मयत महिलेला रुग्णालयात पाहिले, तिच्या अंगात तोडणीचा शर्ट होता, बोटांना चिंध्या होत्या. ती मजूर होती हे मला त्याच वेळी दिसले होते आणि मी ते लिहिले नाही. हे शेवटचं वाक्य काढा, असं तिचा वकील नंतर म्हणाला, त्यानं साक्षीदाराची किंमत कमी होते. मी म्हटलं, राहू द्या. नोटरीनं शिक्का मारला.

पुकारा साडेअकराला झाला. पुण्याच्या वकिलानं माझं प्रतिज्ञापत्र उभ्यानंच वाचलं आणि म्हणाला की हे एका व्यक्तीचं वर्षानंतरचं स्मरण आहे, वर्तमानपत्रानं खुलासा छापलेला नाही. जज्जसाहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. प्रतिज्ञापत्र दाखल करून घेतलं, उलटतपासणीसाठी मी हजर राहायचं, पुढची तारीख जूनची. चार मिनिटं लागली असतील.

बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "म्हंजे निकाल न्हाई लागला."

"नाही. विरुद्धही नाही लागला."

"रईवार तर ह्याच आठवड्यात हाय, बाई."

पाहुण्यांना जून कळणार नव्हता. ती रविवारी दारात उभी राहून काय सांगणार होती, हे मला तिथंच दिसत होतं. मी विचारलं, "घरात इंग्रजी वाचणारं कोणी आहे?"

"न्हाई."

"दिराच्या पोरांपैकी?"

"न्हाई. पर इंग्रजीचं लई भ्या हाय त्यास्नी. ह्यो पेपर कोर्टातनं आला तवापास्नं मला धा बारा लोकांनी इचारलं."

मी तिला घेऊन पुन्हा त्या टायपिंगवाल्याकडे गेले. यावेळी इंग्रजीत सांगितलं. वर मोठ्या अक्षरांत कोर्टातला दावा क्रमांक. खाली नातीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वय तेरा वर्षे. ती या दाव्यातली वारस आहे. दावा प्रलंबित आहे, पुढची तारीख जूनमध्ये आहे. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि लावणारे, ठरवणारे, हजर राहणारे सगळे त्यात येतात. मग मुलीच्या आईचं नाव, आणि त्यापुढे व्यवसाय, ऊसतोड मजूर. शब्द मी दोनदा तपासले, आकडे तीनदा. खाली माझी सही केली आणि नोटरीकडून गोल शिक्का मारून घेतला, जांभळा, जितका मोठा होता तितका.

"ह्यात काय लिव्हलंय?" तिनं विचारलं.

मी मराठीत सगळं सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता.

"आन् त्यांनी इचारलं तर?"

"म्हणायचं, पुण्याच्या इंग्रजी पेपरच्या बाईंनी दिलाय. त्यांना सगळं कळलंय."

तिनं कागद त्याच प्लास्टिकच्या कव्हरात, माझ्या बातमीच्या पुढे सरकवला. मी तिला जामखेडच्या गाडीत बसवून दिलं आणि चारच्या क्लाससाठी श्रीरामपूरची एसटी पकडली.